चौथी तबकडी

धामणगाव बढे, १९४६

दादा,

तुह्या पलटणीतून माही पत्रं वापस येऊन राह्यली, म्हणून हे टाकत नाही.

सुट्टीवर आला तवा तू आसामातल्या अमेरिकन शिपायानं देलेल्या जॅझच्या तीन तबकड्या आणल्या होत्या. डब्यात खण मात्र चार. "चौथी घेऊनच येतो," म्हणून गेला.

लढाईपासून सुया भेटत नाहीत. मी ग्रामोफोनले बाभळीचा काटा घासून लावते. आवाज मऊ येते, अन् पिपाणीच्या मागं कोणीतरी हासते. कोण असंल तो? काऊन हासत असंल?

परवा मलकापूरच्या बाजारात फौजेचं जुनं सामान इकायले आलं. त्यात चौथी दिसली! डब्यावरचंच चित्र. घेतली. हिच्यातही तो हासते का, हे ऐकाले जीव तडफडून राह्यला.

बाबा त्या गाण्याले कावळ्यायचं भांडण म्हणतात. काल मी काटा बसवला, त त्यायनंच काढून घेतला.

"थांब पोरी. हे आपण ऐकलं, त त्यानं काय घेऊन यावं?"

तबकडी गोधडीत गुंडाळून ठेवली. रिकाम्या खणात हे पत्र ठेवते. चौथी ठेवायले डबा उघडशील, तवा तुले भेटंल.

तुही बहीण,
मनकर्णा