पत्रीची कात्री

स्टॅनमोर,
११ जून २००६

चि. सौ. इरावतीस,
आशीर्वाद, जावेची रीत म्हणून.

ह्यांनी लावलेलं पेअरचं झाड जळतं आहे. बहर काळा पडून तसाच लटकलाय, शेंडे वाकलेत, पाऊस झाला की सालीतून चिकट पाणी गळतं. झाडांचा माणूस बोलावला. म्हणाला, फायरब्लाइट. औषध नाही, डागाच्या दोन फूट खालून कापायचं, तरी पसरला तर झाडच काढायचं. कुठे कोटोनिअ‍ॅस्टरच्या झुडपांचं हेज आजारी आहे का, असं त्याने विचारलं. स्लाऊला जावेच्या दारात आहे, हे सांगताना मला लाज वाटली.

गेल्या वर्षीच तुझं हेज निम्मं करपलं होतं. तुला ते उपटायला सवड झाली नाही. हे जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यांच्या हातचं एवढंच जिवंत उरलं होतं माझ्याकडे. तुझ्या आळसाने तेही चाललं. अंबरीशला हे वाचून दाखव. त्याच्या भावाचं झाड आहे.

यंदा गणपतीची पत्री माझ्याकडून मिळणार नाही. बेलाच्या जागी पेअरची पानं वाहायचो, आता काय वाहायचं ते तुझं तू बघ.

सियाला पापा. तुझ्यासाठी आज शब्द सापडत नाहीत.
शैला


स्लाऊ,
१८ जून २००६

ती. शैलावहिनींस,
सा. न., ह्यांच्या सांगण्यावरून.

पत्र वाचून दाखवलं. उत्तर मीच लिहिते आहे.

हेज करपलं होतं, खरं आहे. पण आजार स्टॅनमोरला काय ट्रेनने आला? गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या शनिवारी तुम्ही आमच्याकडे आलात. चहासुद्धा घेतला नाहीत. पर्समधून पत्रीची कात्री काढलीत आणि मला न विचारता हेज छाटायला लागलात. इंडियन लोकांना बाग ठेवता येत नाही असं शेजारी म्हणतील, हे सियाच्या मैत्रिणींसमोर मोठ्याने बोललात. मग कात्री रुमालाने पुसलीत, घरी गेलात आणि तिनेच पेअरची पानं तोडून दोन्ही घरांची पत्री केलीत. वर फोन करून ऐकवलंत की, "मी आहे म्हणून तुमच्या गणपतीला पत्री मिळते."

माझ्या स्वयंपाकात, माझ्या कपड्यांत, मुलीच्या मराठीत, सगळीकडे तुम्ही असाच न विचारता हात घातलात. मी गप्प बसले, ती माझी चूक.

हेज आम्ही मार्चमध्येच उपटून जाळलं. दादांच्या झाडाचं मलाही वाईट वाटतं. मी इथे नवी असताना त्याच्याखाली बसवून त्यांनी माझ्याकडून ड्रायव्हिंगची थिअरी पाठ करून घेतली होती, एकदाही न रागावता. त्यांच्या झाडाचा दोष मी घेणार नाही.

मान राखून,
इरावती


स्टॅनमोर,
२३ ऑगस्ट २००६

चि. सौ. इरावतीस,
आशीर्वाद.

तुला उत्तर द्यायचं नव्हतं.

जुलैभर कापत राहिले. दोन फूट, मग आणखी दोन फूट. प्रत्येक फांदीनंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची, पात्यावरून रोग पसरतो, असं त्या माणसाने सांगितलं होतं, तशी बुडवली. साल सोलली की लाल डाग आणखी खाली उतरलेला दिसायचा. सोमवारी झाड मुळासकट काढलं.

तुझ्या पत्रातलं चहाचं तेवढं खोटं आहे. अर्धा कप मी घेतला होता.

सोबत कात्री पाठवते आहे. रविवारी गणपती, तुला पत्री तोडायला लागेल. स्पिरिटने पुसली आहे. विश्वास नसेल तर तूही पूस. परत पाठवू नकोस. माझ्या बागेत आता तिला काही काम नाही.

शैला