कुसुमचे पाढे

झाशी

तीर्थरूप आक्कास दत्तूचा साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आम्ही खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

सूनबाई गेल्यापासून नातीचा अभ्यास मीच घेतो. मुलगा सदानकदा रेल्वेच्या इंजिनावर. तू मला शिकवलेस तसेच ‘बे एके बे’ कुसुमकडून घोकून घेतले. तिने वर्गात तेच म्हटले आणि सगळी पोरे हसली. मास्टरजी मला म्हणाले, “दादाजी, घर में यह सब मत रटाइए.”

तेव्हापासून ती शाळेत तोंडच उघडत नाही. हिंदी पाढे माझ्या जिभेला वळत नाहीत. आता तिला खालच्या वर्गात बसवणार म्हणतात.

तिला तुमच्याकडच्या मराठी शाळेत घेतील का? तिच्यावाचून हे घर मला खायला उठेल, तरी आणून सोडतो. लवकर कळव गं.

तुझा दत्तू