मोरपंखी बाह्या

नाशिक,
दि. २८ डिसेंबर २०२४

चि. तेजस्विनी हिस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब आटोक्यात आहे. सकाळी धुके उतरते आणि समोरचा रस्ता तासभर नाहीसा होतो. तुझ्या लग्नापासून धरलेल्या अबोल्यानंतर, सहा वर्षांनी लिहिलेल्या पत्राचा आरंभ याहून बरा करता आला नाही.

हर्षालीला, आपल्या योगेशच्या पत्नीला, नाताळची सुट्टी आहे. "काका, घरात बसून बसून गंजाल," असे म्हणत तिने काल मला गाडीत बसवले. सायखेड्याला तिच्या माहेरच्या रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. नदीवरून आलेल्या धुक्यात एकही मेंढी दिसेना. घंटांचा मंद नाद आणि ऊबदार वास तेवढा येत होता. जणू वावरच झोपेत श्वास घेत होते. मी खिशातून लोकरीचा तुकडा काढून भिकन धनगराला विचारले, "या रंगाची लोकर मिळेल काय?"

"मोरपंखी मेंढरू आजून जलमलं नाय, मास्तर! जलमलं तर पयला तुमालाच फोन करीन."

हर्षाली हसली. मीही हसलो. तसे मेंढरू मला धुक्यात क्षणभर दिसले होते, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही.

परतल्यावर शहरातली लोकरीची दुकाने पालथी घातली. रंग जवळपास तोच मिळे. तंतोतंत कोठेच नाही. तिसऱ्या दुकानाच्या फलकावर 'लोकरिचे' असे लिहिले होते. ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता मी आत शिरलो. तेथील छायाबाईंनी तुकडा उजेडात धरला. "हा लॉट संपला, काका. दुसऱ्या लॉटची लोकर जोडली, की उठून दिसते." मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "मफलर काढा बघू." उन्हाने विटलेली घडी त्यांनी उलगडली. आतला रंग ताजा होता. "अहो, गळ्यात घालून गावभर शोधताय होय!"

आता लिहिलेच पाहिजे. वेदिका झाल्याचे कळल्यावर तुझ्या आईने गुपचूप स्वेटर विणायला घेतला. माप चांगले चार वर्षांचे धरले. पाठ झाली, पुढचा भाग झाला. तेव्हा माझ्या दृष्टीस पडला. मी म्हणालो, "त्या घरी या घरातला धागासुद्धा जाणार नाही." ललिताने वाद घातला नाही. त्याच हिवाळ्यात तिने माझ्यासाठी मफलर विणला. ती गेल्यानंतर पेटीत तो बिनबाह्यांचा स्वेटर सापडला, खिशातला तुकडा त्याचाच, आणि तरीही मला उमगले नाही. नातीच्या बाह्या मी चार हिवाळे गळ्यात घालून फिरलो.

काल दुकानातच मफलर उसवला. मी धागा ओढत होतो, हर्षाली गुंडाळत होती; ओळीमागून ओळ सुटताना तुझी आई शेजारी टाके मोजत असल्याचा भास होत राहिला. लडी धुऊन वाळत घातल्या आहेत. वळणे सरळ होण्यास दोन दिवस लागतील, असे छायाबाई म्हणाल्या. बाह्या त्याच विणणार आहेत.

"पोरीच्या हाताचं माप?" त्यांनी विचारले. वेदिकाला मी पाहिलेले नाही.

तेवढे माप कळव. खांद्यापासून मनगटापर्यंत. ते मी स्वतः येऊन घ्यावे अशी तुझी इच्छा असेल, तर तसे लिही. मी मोजपट्टी घेऊन निघेन.

थंडी बरीच आहे. दुसरा मफलर घेणार नाही.

उघड्या गळ्याने वाट पाहणारा,
तुझा नाना