तपासणी बाकी असलेली पिशवी

बाई, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता सहा वर्षांनी मोठी आहे, तरी तुम्हाला लिहिताना हात भीतभीतच चालतो. चंदीगडच्या त्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. तुम्ही नागपूरच्या, फौजी अधिकाऱ्याच्या पत्नी, रक्तपेढीच्या प्रमुख. मी वडिलांच्या बदलीबरोबर साताऱ्याहून आलेली नवी तंत्रज्ञ. डबा खाता खाता तुम्ही शिकवायचात. "एचआयव्ही रक्तातून जातो, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून जातो, शरीरसंबंधातून जातो, आईकडून बाळाला जातो. ताटातून जात नाही. पाठ कर." ते दहशतवादाचे दिवस; पंजाबात रोज माणसं मारली जात होती, रक्त पुरत नव्हतं, आणि एकाच सुईने नशा करणारे काहीजण आपलं रक्त विकायला दारात उभे असत. त्यांचा राग तुम्ही कधी केला नाहीत, पण तपासल्याशिवाय एकही पिशवी तुम्ही हलू देत नव्हतात.

सेक्टर बावीसच्या बाजारात स्फोट झाला त्या दुपारी जखमी माणसं भाजीच्या हातगाड्यांवरून आली. एकीचा पाय गुडघ्याखाली नव्हताच. एका शिंप्याच्या पोटात पत्रा घुसलेला. त्याच्या गटाचं तपासलेलं रक्त संपलंय. फ्रिजमध्ये एकच पिशवी उरलीय, तिच्यावर 'तपासणी बाकी'चं लेबल. तुम्ही त्याच्या भावाला सांगताय, दुसऱ्या रुग्णालयातून रक्त निघालंय, वीस मिनिटं थांबा. तो तुमचा अंबाडा धरतो आणि तुमचं कपाळ फ्रिजच्या दारावर आपटतो. एकदा, मग पुन्हा. "वो मर रहा है, मैडम, और तू कागज़ देख रही है?" भुवई फुटून रक्त तुमच्या डोळ्यात उतरतं. तशातही तुम्ही मला सांगता, "देऊ नकोस." मी दिली.

त्या रक्तावर तो जगला. संध्याकाळी त्याच पिशवीच्या नमुन्यात एचआयव्ही निघाला. मी म्हणाले, गडबडीत तुमचं ऐकू आलं नाही, लेबलही वाचलं नाही. खोटं होतं ते; मी ऐकलं होतं, वाचलंही होतं. तुम्ही भुवईला टाके घालून आलात आणि अहवालात जबाबदारी स्वतःवर घेतलीत. मग मी तुमचे पाय धरले. त्या शिंप्याला सांगू नका, तो भाऊ आपल्याला जिवंत सोडणार नाही. तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "आणि त्याची बायको? तिला कोण वाचवणार?"

तो शुद्धीवर आल्यावर तुम्ही नवराबायकोला समोर बसून सगळं सांगितलंत. त्याने सलाइनची सुई उपटली आणि तो पलंगाच्या लोखंडावर डोकं आपटत राहिला. तुम्ही हातमोजे चढवून त्याला धरून ठेवलंत. बायकोने एवढंच विचारलं, "रोटी अलग कर दूँ, जी?"

"नहीं, साथ खाओ. कंडोम के बिना पास मत जाना. और उसका ब्लेड कोई और न ले."

पुढे बातमी गल्लीत फुटली. शेजाऱ्यांनी त्याचं शिलाई मशीन रस्त्यावर आणून दगडांनी ठेचलं, आडवा आला म्हणून भावाचा हात मोडला. शिंपी चार वर्षं जगला. तोवर तुमच्या यजमानांची बदली झाली होती, आणि परगावी कॅन्सरने तुम्हालाही नेलं होतं.

त्याची बायको दर सहा महिन्यांनी तपासणीला यायची. तो गेल्यावर शेवटची आली. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून ती वाचली, हे मला ठाऊक होतं. रिपोर्ट निगेटिव्ह होता. ती माझ्या गळ्यात पडून रडली, मला 'दीदी' म्हणाली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. तो कागद वाचला तेव्हा माझ्या मनात 'सुटली' आलं नव्हतं, बाई. 'सुटले' आलं होतं.