वळलेल्या पंखांच्या माश्यांची सोय

मी, विनिता साईनाथ खरात, वय ६९, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार ठाकुर्ली पूर्व, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या मुलाला तो पुरेल अशी आशा आहे.

१. ठाकुर्लीची राहती खोली माझ्या पगारातून घेतलेली आहे. ती मुलगा राकेश याला द्यावी. तो दर रविवारी येऊन खोलीचा भाव सांगतो, माझी तब्येत विचारायची राहून जाते.

२. स्वयंपाकघरातला एसी, सूक्ष्मदर्शक आणि फळमाश्यांच्या साठ नळ्या कल्याणच्या वल्लरीला द्याव्यात. एसी माश्यांसाठी घेतला, मी बाहेर पंख्याखाली झोपले. त्यावरून राकेश जे बोलला ते मी विसरलेले नाही.

या माश्या काय आहेत ते सांगते. गर्भाचं डोकं कुठल्या टोकाला यायचं, हे माशीची आई अंडं घडवतानाच ठरवून ठेवते. १९९७ साली ठाण्याच्या कॉलेजात मला अशा माद्या सापडल्या, ज्यांच्यात हे ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. दिसायला ठणठणीत, पंख सरळ. पण त्यांच्या अंड्यांत डोकं येतच नसे, दोन्ही टोकांना शेपूट, आणि एकही अळी बाहेर पडत नसे. वाण टिकवायचा तर वळलेल्या पंखांच्या माश्या सांभाळाव्या लागतात, कारण त्यांच्यात एक प्रत चांगली असते; वळलेला पंख ही तिचीच खूण.

३. डॉ. परशुराम, माझे विभागप्रमुख, यांना काहीही देऊ नये. माझ्या वह्यांवरून त्यांनी स्वतःच्या नावाने निबंध छापला. शेवटी माझे आभार मानले, 'माश्यांचे खाद्य शिजवून दिल्याबद्दल'. रवा, गूळ, यीस्ट मीच शिजवत असे, तेवढं खरं आहे.

मग त्यांनी वाणाची नळी मागितली. सूक्ष्मदर्शकाला त्यांनी कधी डोळा लावला नव्हता. "विनिताबाई, यातल्या नीट कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्हाला जास्त कळतं," मी म्हणाले.

४. आता माझा गुन्हा. वल्लरी तेव्हा त्यांच्याकडे नवी पीएचडीला आलेली. सरांनी तिला वळलेल्या पंखांच्या 'खराब' माश्या टाकून द्यायला लावल्या. एका पिढीत वाण संपला. सरांनी ठपका तिच्यावर ठेवला, म्हणे हिने खाद्याला बुरशी येऊ दिली, आणि तिची नोंदणी रद्द केली. शेजारच्या मोरीवर मी नळ्या धूत होते. सगळं ऐकू आलं. मी आधीच घरी नेलेला वाण जिवंत होता आणि मी गप्प राहिले. सरांचं नाक कापलं जावं एवढंच मला हवं होतं. कापलं गेलं तिचं.

आज ती क्लासेस घेते. मागच्या महिन्यात भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, माझ्याच हातून मेल्या गं त्या." मी तिच्यापुढे चहा ठेवला.

५. माश्यांना दर पंधरवड्याला नवं खाद्य लागतं. म्हणून राकेशने माझ्यामागच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वाट न पाहता नळ्या पोचवाव्यात, आणि आधी चौथं कलम तिला वाचून दाखवावं. नंतर तिने त्या वाढवाव्यात की मोरीत ओताव्यात, ते तिचं ती ठरवील.

साक्षीदार म्हणून सही करायला वल्लरी तयार होती. वकिलांनी सांगितलं, ज्याला मिळायचं त्याची सही चालत नाही. मला हायसं वाटलं. सही करण्याआधी तिने हे वाचलं असतं.

ठिकाण: ठाकुर्ली. दिनांक: १४ सप्टेंबर २०२५.
सही: विनिता साईनाथ खरात
साक्षीदार: १. गुणाजी धोंडिबा तांबे, शेजारी २. डॉ. नीला राजरत्न गमरे