हौसाच्या नावाचं तिकीट

खोपट, ठाणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊस,
हौसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन असताना पत्रं कसली लिहिता, म्हणून माझा सुदेश हसतो. आईला लिहायची सवय होती, तिच्यामागे तुला लिहिते, एवढंच.

काल स्वीडनहून नाथाचा फोन आलेला. आपल्यात धाकटा, पण आवाज म्हाताऱ्याचा झालाय. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला विमानात बसायला कायमची बंदी केलीय. म्हणजे आता तो इकडे यायचा नाही. म्हणाला, माझं घर तुम्ही कोणी पाहिलंच नाही, एकदा तिघं एका पंगतीला बसू. मला फार वाईट वाटलं रे. आजोळी जाताना एसटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा, आणि उलटी मात्र तुझ्या सदऱ्यावर करायचा!

उत्तमराव गेल्यापासून मी कुठे गेले नाही, पण इथे जायलाच हवं. सुदेशने मे महिन्याचं भाडं सांगितलं आणि मी चहा गॅसवर विसरले. तुझी नात रसिका असल्या शोधात पटाईत आहे. तिला कामाला लाव. वहिनींना नमस्कार.

तुझी,
हौसा

कोपर, डोंबिवली
१६ नोव्हेंबर २०२५

चि. हौसास,
अनेक आशीर्वाद.

फत्ते! रसिकाने मला आठवडाभर शिकवणीला बसवलं. उन्हाळ्यात जायचं नाही, फेब्रुवारीत जायचं. तेव्हा तिकडे हाडं गोठतात, म्हणून तिकिटं स्वस्त. शनिवार-रविवार टाळायचा. विमान मधे एकदा बदलायचं. आणि नाथाचं माल्मो स्वीडनमधे असलं, तरी उतरायचं शेजारच्या डेन्मार्कात, कोपनहेगनला. तिथून समुद्रावरच्या पुलावरून ट्रेन थेट त्याच्या गावात जाते. रसिका म्हणते, आजोबा, कोपरहून कोपनहेगन, नुसती हेगनची भर!

मला बाबा आठवले. गाडी आपल्या वाडीत यायची नाही, म्हणून अलीकडच्या फाट्यावर उतरवून ते आपल्याला साकवावरून चालवत न्यायचे. तू मधेच थांबून पाण्यात खडे टाकायचीस आणि आम्ही खोळंबायचो.

असो. रसिका आंघोळीला गेली आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं की शेवटच्या चारच जागा. माझा जीव खालीवर. मीच चौघांची नावं भरली, तुझी वहिनी, रसिका, तू आणि मी, आणि पैसे भरून मोकळा झालो. हे तिकीट परत घेत नाहीत, बदलत नाहीत. पण आपल्याला कुठे बदलायचंय? छापील प्रत सोबत आहे. लोकरीचे मोजे विणायला घे.

तुझा,
भाऊ

खोपट, ठाणे
२४ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार.

तिकीट पाहून आधी हसले, मग पासपोर्ट काढून शेजारी ठेवला. तू नाव घातलंयस हौसा रामा घाडी. माझ्या पासपोर्टवर मृणाल उत्तम धुरी आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नाव विसरलास? तेव्हाचे पेढे तर सगळ्यांच्या आधी खाल्लेस!

सुदेशने विमान कंपनीला फोन केला. स्पेलिंग चुकलं तर सुधारतो, पण हा माणूसच दुसरा आहे, म्हणाले. त्या दोघी एकच, हे दाखवायला आपल्याकडे कागद नाही. गावातल्या लग्नाची नोंद तेव्हा करत होतं कोण?

तुझ्यावर रागवायला बसले, पण राग येईना. सासरी पाऊल टाकलं तेव्हापासून मी मृणाल. बँकेत, सोसायटीत, सुदेशच्या शाळेत, सगळीकडे. उत्तमरावांना हौसा हे नाव गावंढळ वाटायचं. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारे तुम्ही दोघंच उरलात. घाईत तुझ्या हातून तेच आलं, याचं मला बरंच वाटलं.

पण त्या नावाने मला विमानात घेणार नाहीत. नवं तिकीट आता दुपटीला गेलंय आणि सुदेशच्या घराचे हप्ते चालू आहेत, त्याच्याकडे मी मागणार नाही. तुम्ही तिघं जा. कुळथाची पिठी बांधून देईन, नाथाला आवडते. त्याला सांग, हौसाताई निघालीच होती.

तुझी,
हौसा

कोपर, डोंबिवली
३० नोव्हेंबर २०२५

चि. हौसास,
अनेक आशीर्वाद.

असलं पत्र पुन्हा लिहायचं नाही. पिठी तू स्वतः न्यायची आहेस. तुझ्या वहिनीने पत्र वाचलं आणि सांगून टाकलं की वन्सं नाहीत तर मीही नाही. घराला रंग काढायचा होता तो राहिला, ते पैसे तिकिटाला लागले. पोपडे आमच्या ओळखीचेच आहेत. रसिकाने मृणाल उत्तम धुरीचं तिकीट काढलंय, त्याच विमानाचं. सुदेशकडून पासपोर्टचा फोटो मागवला, अक्षर अक्षर ताडून पाहिलं, आणि मला कॉम्प्युटरच्या जवळ फिरकू दिलं नाही.

जुनं तिकीट फुकट गेलं. रसिका म्हणते, न आलेल्या माणसाचं नाव कधीकधी विमानतळावर पुकारतात. पुकारतील की नाही ठाऊक नाही. पण भर गर्दीत कोणी हौसा रामा घाडी अशी हाक मारलीच, तर बावरून उभी राहू नकोस, नसता घोटाळा होईल. मनातल्या मनात ओ दे.

लोभ असू दे, माझ्या धांदलीसकट.

तुझा,
भाऊ