टाकीच्या मध्यभागी २२ अंश

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
औद्योगिक सुरक्षा तपासणी कक्ष, रत्नागिरी.

विषय : मिरजोळे येथील मुलामा टाकीची, करंट चालू असताना व चापाजवळ, फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : आपला दि. २४ डिसेंबर २००३ चा अहवाल.

महोदय,

दि. ११ नोव्हेंबर २००३, दुपारी २ वाजून ४० मिनिटे. सकिना मुझम्मिल होडेकर यांचा उजवा तळहात सहाव्या चापाला भाजला. रबरी हातमोजा वितळून कातडीला चिकटला. त्या टाकीची तापमान नोंदवही मी लिहितो. मी शेजारीच उभा होतो.

आमच्याकडे खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या चापांनी आम्लाच्या टाकीत टांगून त्यांतून करंट सोडतात. द्रावण मुद्दाम गार ठेवतात. उष्णता होते ती पट्टीच्या अंगाशी, आणि चाप सैल असल्यास चापाच्या दातांत. करंट थांबवला तर पट्ट्यांवर डाग पडतात, म्हणून सैल चाप चालू करंटवरच आवळायची आमच्याकडे रीत आहे. सकिनाबी कचरल्या तेव्हा पर्यवेक्षक महिपत म्हणाले, “सकिनाबी, रोजा पोटाचा गो, हाताचा नाय. आवळ तो चाप!” हे सर्वांनी ऐकले. काही हसलेही.

आपले तपासनीस १ डिसेंबरला, सोमवारी आले. सोमवारी औद्योगिक वसाहतीत वीज बंद असते. त्यांनी बंद टाकी मोजली व ती थंड आढळली. माझ्या तक्रारीवरून १७ तारखेला पुन्हा आले. करंट चालू होता, पण थर्मामीटर टाकीच्या मधोमध बुडवला. २२ अंश. मी सहावा चाप दाखवला, तर म्हणाले, “तिथं नको. सरकारी थर्मामीटर आहे, तडकेल.”

अहवालात हे वाक्य नाही. त्यात आहे : ‘२२ अंशाला इसम भाजत नाही. सदर महिला दुपारचे जेवण शिजवताना घरी भाजली असावी.’

महोदय, तो रमजान होता. सकिनाबींच्या घरी त्या वेळी चूल थंड होती, आणि हजेरीपटावर त्यांची सही होती. अहवाल मी तीनदा वाचला. शिसारी आली, अर्जात चालेल असा दुसरा शब्द मला सापडला नाही.

सकिनाबींची बोटे अजून मिटत नाहीत. त्यांच्या जागी दीपाली यांना लावले आहे. तपासणी होईपर्यंत टाकी बंद ठेवावी, ही विनंती.

आज सकाळी १०.२० ची नोंद : द्रावण २१ अंश. करंट चालू. सहावा चाप सैल. दीपाली यांना हाक मारली आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
संदेश आत्माराम धुळप
दि. ७ जानेवारी २००४

सोबत : १) नोंदवहीची नक्कल २) हजेरीपटाची नक्कल ३) हातमोजा, उजवा, जेवढा सुटून आला तेवढा.